धाकट्याचं झाकलेलं दुखणं

आबा,

परवा माझ्या लहान सुनेला मुलगा झाला. तुम्हाला पणतू. हे तुम्हाला कळवायचं तसं काही कारण नव्हतं. जिवंत होतात तेव्हा माझ्या घरी काय चाललंय याची चौकशी तुम्ही शेवटची काही वर्षं केली नाहीत, आता जाऊन इतकी वर्षं झाल्यावर काय करणार. पण दवाखान्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. भाजी निवडायला बसले तरी तुम्ही, देवापुढे बसले तरी तुम्ही. म्हटलं, मनात आहे ते एकदाचं कागदावर ओतावं आणि मोकळं व्हावं. गावातल्या बाकीच्या पोरींना चौथीत घरी बसवलं आणि मला तुम्ही सातवीपर्यंत शाळेत जाऊ दिलंत, म्हणून हे लिहिता येतंय. एवढं तुमचं देणं मान्य करते. बाकी जे लिहिणार आहे ते गोड नाही.

धाकटा झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. माझ्यानंतर मायची दोन बाळं गेली होती, त्यामुळे मुलगा झाला म्हटल्यावर तुम्ही अंगणात उभ्या उभ्या अख्ख्या गल्लीला गूळ वाटायला घेतलात. मी आत चुलीवरच्या हंड्याखाली काड्या सारत बसलेली. दाई बाळाला धुवत होती आणि तिचा हात मध्येच थांबला. मायनं पडल्या पडल्या विचारलं, काय झालं गं. दाई म्हणाली, काही नाही, पिशवीत पाणी आहे, पुष्कळ पोरांना असतं, वर्षभरात उतरून जातं. ती खोटं बोलली नव्हती, पुष्कळ पोरांचं उतरतं, हे आता मला माहीत आहे. तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही वाकून पाहिलंत, बाळाच्या तोंडाकडे नाही, दुखण्याकडे. बाहेर गुळासाठी माणसं उभी होती. तुम्ही मायकडे, दाईकडे, माझ्याकडे एकेकदा बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "कोणले सांगानं नही." मी आठ वर्षांची असेन. घरात काहीतरी मोठं वाईट घडलंय आणि ते बाळामुळे घडलंय, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या नजरेचा दरारा होता पंचक्रोशीत. मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली की घोडं घ्यायला आलेली मोठमोठी माणसं आधी तुम्हाला शोधत. व्यापारी कसले बेरकी. पायावरची जखम रंगवून झाकतील, म्हाताऱ्या घोड्याचे दात घासून आणतील, लंगडी घोडी भल्या पहाटे चालवून मोकळी करून मग उभी करतील. तुम्ही काही न बोलता जनावराभोवती एक फेरी मारायचात, उकिडवे बसून चारी पायांवरून हात फिरवायचात आणि घेणाऱ्याकडे बघून नुसती मान हलवायचात. झालं, सौदा मोडला. मला बरोबर न्यायचात तुम्ही. माझा हात धरून घोड्याच्या गुडघ्याखाली ठेवायचात, विचारायचात, गरम लागतंय का. मी बरोबर सांगितलं की जिलबी. त्या यात्रेतली तुमच्याजवळची ती मी, ती पोरगी फार सुखी होती आबा. दुसऱ्यांनी झाकलेली खोट उघडी पाडण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, तो माणूस स्वतःच्या घरी काय करत होता हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? घरातल्या आम्हा दोघींना होतं, आणि आमच्या तोंडाला कुलूप होतं.

वर्ष गेलं. पाणी उतरलं नाही. दुसरं गेलं, तिसरं गेलं. लिंबाएवढं होतं ते हळूहळू मोठं होत कवठाएवढं झालं. मऊ, दुखत नसे, पण त्याच्याबरोबर वाढत होतं. गावातली पोरं पाच-पाच वर्षांची होईतो उघडी-नागडी धुळीत लोळायची आणि आपला धाकटा तेवढा रांगायला लागल्यापासून चड्डीत. ती चड्डीसुद्धा मायनं घोळदार शिवलेली. तेवढ्यानंच बायकांना संशय आला. नदीवर धुणं धुताना विचारायच्या, तुमच्या पोराला उन्हाळ्यात तरी मोकळं सोडा की. माय म्हणायची, त्याला घामोळं येतं. तापी घराच्या पायथ्याशी, आणि त्याला कधी पोहायला पाठवलं नाही. पाय फाकवून धावायचा तर पोरं चाळे करून दाखवायची आणि हा रडत घरी यायचा. तुम्ही त्याला जवळ घेतलं नाहीत, उलट मायवर डोळे वटारलेत, बाहेर कशाला सोडलंस म्हणून. तुम्हीच आणलेलं तंबाखूचं पान एकदा बांधलं, तर दिवसभर पोरगं ओकत राहिलं, गरगरत राहिलं. मग एरंडाचं पान शेकून झालं. कोणीतरी दिलेली मुळी उगाळून झाली. फक्त डॉक्टर झाला नाही. तालुक्याला सरकारी दवाखाना होता, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. मायनं एकदा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, दवाखान्यात सगळ्या गावांची माणसं बसलेली असतात, तिथं नेणं म्हणजे दवंडी पिटणं.

यामागचं कारणही मला माहीत आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. माझं लग्न तुम्ही साट्यालोट्यानं ठरवलं होतं. नदीपलीकडच्या त्या घरात मी जायची आणि त्यांची लहानगी मोठी झाली की धाकट्याला यायची. आपल्या लोकांत अशी अदलाबदल तेव्हा सर्रास चालायची, आणि एक बाजू फिसकटली की दुसरी फिसकटायची हेही सगळ्यांना ठाऊक असायचं. घर चांगलं होतं, बागायतीचं होतं, तुमच्या तोलामोलाचं होतं. पोराचं कळलं तर ते मुलगी द्यायचे नाहीत आणि मग मलाही करून घ्यायचे नाहीत, हे तुमचं गणित. महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझं लग्न लागलं आणि त्याच मांडवात त्या दोघा चिमुकल्यांना शेजारी बसवून नारळ-कुंकू झालं. धाकटा आठ वर्षांचा. त्याला धोतर नेसवलं होतं, भरपूर निऱ्यांचं. सगळे कौतुकानं हसत होते, केवढा दिसतो नवरदेव म्हणून. मी बोहल्यावर बसून त्या निऱ्यांकडे बघत होते. माझ्या लग्नातलं मला दुसरं फारसं काही आठवत नाही.

त्याच वर्षीची दिवाळी. मी पहिल्या दिवाळसणाला माहेरी आलेले आणि दोन महिन्यांची गरोदर. पुढच्या महिन्यात यात्रा होती. माझे सासरे यात्रेला येणार, आपल्याकडे मुक्काम करणार आणि सगळे पुरुष, सगळी पोरं तापीत अंघोळीला जाणार. त्या दिवशी घामोळ्याचं कारण कोणाला सांगणार? म्हणून तुम्ही त्या डागवाल्याला बोलावलंत. बैलाच्या खांद्याला सूज आली, घोड्याचा पाय सुजला की तो सळई तापवून डाग द्यायचा आणि तुमच्या जनावरांना गुण यायचा. त्याच्या हाताची तुम्हाला खात्री होती. मायला तुम्ही कापूस वेचणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायला शेतात धाडलंत आणि मला म्हणालात, हात धर धाकट्याचे. मला वाटलं, डागवाला नुसता मंत्र टाकणार. गोठ्यात गोवऱ्या पेटल्या होत्या आणि सळई लाल झाली होती तरी मला वाटत होतं, आबा असं करणार नाहीत. तुम्ही धाकट्याचे पाय धरलेत आणि तोंड फिरवून घेतलंत. जांघेत दोन डाग, खाली एक. त्या ओरडण्याबद्दल मी लिहीत नाही. तुम्हीही ऐकलंय ते.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. डाग चिघळले, सूज लाल-काळी झाली, पोरगं बरळायला लागलं. तुम्ही म्हणालात, डाग पिकतोच, मग निवळतो, बैलाचं बघितलं नाही का. तेव्हा माय उठली. तुमच्यासमोर कधी मोठ्यानं न बोललेली ती बाई ओसरीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मन्हा पोऱ्या शे, बैल नही शे." गड्याला तिनंच गाडी जुंपायला सांगितली. मामा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, तिकडे न्यायचं तिनं ठरवून टाकलं. मी तिच्यासोबत निघाले. तुम्ही दारात उभे होतात. मला वाटलं, आता पुढे याल, पोराच्या कपाळावर हात ठेवाल. तुम्ही गड्याला हाक मारून सांगितलंत, गाडीला चारी बाजूंनी कापड बांध. दोंडाईच्याच्या रेल्वे स्टेशनापर्यंत त्या बंद गाडीत आम्ही तिघं घामानं निथळत गेलो आणि मी पडद्याच्या फटीतून बघत होते, कोणी भेटलं तर काय सांगायचं ते ठरवत.

सुरतेच्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर विचारलं, हे भाजलं कशानं. माय म्हणाली, चुलीवर पडला. मरायला टेकलेल्या पोराच्या उशाशी उभी राहून ती तुमचा शब्द पाळत होती, आबा. मी म्हटलं, नाही, माझ्या वडिलांनी डाग देवविला. आयुष्यात मी हे बाहेरच्या एकाच माणसाला सांगितलं आणि तो डॉक्टर होता. त्यांनी मग मामाला समजावून सांगितलं, मामानं आम्हाला. हे साधं पाणी नाही, अंतर्गळ नाही, हत्तीरोगही नाही. रक्तासारखाच आणखी एक पातळ रस अंगात वाहतो, त्याच्या बारीक नळ्या याच्या त्या जागी आईच्या पोटात असतानाच नीट जुळल्या नाहीत. रसाला वाट नाही म्हणून त्यांच्या पिशव्या झाल्या, एकीला एक चिकटून, सीताफळातल्या गरासारख्या. फार थोड्या पोरांना होतं असं. त्यात ना आईचा दोष, ना बापाचा, ना कोणाची नजर. पानांनी ते उतरत नाही, डागानं तर नाहीच. दोन-तीन वर्षांचा असताना आणला असता तर सगळं स्वच्छ काढून टाकलं असतं. आता जखम आत उतरली आहे, एक बाजू वाचेल असं वाटत नाही.

त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला बोलावलं. पाच-सहा जण कॉटभोवती उभे राहिले आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा धाकटा परक्या माणसांसमोर उघडा झाला. तापानं फणफणलेला, पण माझा पदर घट्ट धरून विचारतोय, "आक्का, यास्नी देखं. आते आबा मारी का?" दुखतंय म्हणाला नाही, पाणी दे म्हणाला नाही, यांनी बघितलं याचीच भीती.

एक बाजू काढावी लागली. दुसरी चांगली होती, पोराचा संसार होईल, लेकरंबाळं होतील, असं डॉक्टरांनी मायला दोनदा सांगितलं. तो वाचला. तुम्ही सुरतेला आला नाहीत. आम्ही परतलो तेव्हा दोंडाईच्याला तुमची गाडी उभी होती, कापड बांधलेली.

मग यात्रा आली. धाकटा अंथरुणात, त्यामुळे अंघोळीचं टळलं, त्याला हिवताप आहे असं तुम्ही माझ्या सासऱ्यांना सांगितलंत. पण तुमचा तो डागवाला चहाच्या पालात बसून चार माणसांत फुशारकी मारत होता, की जनावरांचं काय घेऊन बसलात, आबांनी पोराचं अंडवृद्धीचं दुखणंसुद्धा मलाच दाखवलं. माझे सासरे तिथंच बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी कप ठेवला, मुक्कामालाही न थांबता उठले आणि आठ दिवसांत नारळ परत आला. मला त्यांनी परत पाठवलं नाही, पोटात त्यांचा वंश होता. पण सासूनं पुढे मरेपर्यंत मला "झाकपाकवाल्याची पोर" म्हटलं.

तुम्ही एकदाच आलात. माझ्या सासरच्या अंगणात उभे राहिलात, पाणी घेतलं नाहीत. मी दारात आले, तर माझ्या तोंडाकडे न बघता म्हणालात, "तूच सांगं व्हई. दुसरं कोण सांगी?" आणि वळून चालायला लागलात. मी मागून आले, मी नाही सांगितलं म्हटलं, डागवाल्याचं सांगितलं, सासऱ्यांनी स्वतः ऐकलंय म्हणून सांगितलं. तुम्ही थांबला नाहीत. ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यानंतरची वैशाखातली आखाजी आठवते. आपल्याकडे दिवाळी एकवेळ चुकेल पण आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. घरोघरी सुनांना न्यायला माहेरचे मुऱ्हाळी यायला लागले, कोणाचा भाऊ, कोणाचा चुलता. वाड्यातल्या सुना एकेक करत गाठोडं घेऊन गाडीत बसल्या. मीही गाठोडं बांधलं होतं, लुगड्याखाली होणाऱ्या बाळाची दुपटी. कडुलिंबाला झोके बांधले गेले, गाणी सुरू झाली आणि मी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघतेय. संध्याकाळी सासू म्हणाली, सोड ते गाठोडं, दुपटी लागतील. पुढच्या वर्षी बांधलं नाही. बांधलं नाही, पण रस्त्याकडे बघितलंच. तुम्ही होतात तोवर एकाही आखाजीला तुम्ही मुऱ्हाळी धाडला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा निरोप आला तो दहाव्याचा.

पुढच्याच आखाजीला उन्हं तापायच्या आत अंगणात एक उंच पोरगा येऊन उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, डोक्याला टॉवेल, पाय धुळीनं भरलेले. मी क्षणभर ओळखलं नाही. तो म्हणाला, "चाल आक्का. माय वाट देखी ऱ्हायनी." गाडी रस्त्यावर उभी होती. तिला कापड नव्हतं.

धाकटा पुढे पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात लागला. लग्न झालं, मुलीकडच्यांना त्यानं स्वतः जाऊन आधी सगळं सांगितलं, त्यांनी हो म्हटलं. दोन मुलं आहेत, एक नात आहे. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही नाही. आबाला कळत नव्हतं, म्हणतो, आणि दरवर्षी तुमचं पान वाढतो. मला ते पटत नाही. घोडीच्या पायावर हात ठेवून तिचा ताप सांगणाऱ्या माणसाला कळत नव्हतं? माझे सासरे म्हातारपणी एकदा मला म्हणाले होते, दुखण्यासाठी मी सोयरीक मोडली नसती गं, पोराला बरा करून आणला असता तरी चाललं असतं, मला झाकलं त्याचा राग आला. ऐकलंत? धाकट्याच्या अंगावर डाग, माझं माहेर बंद, आणि सगळं कशासाठी, तर जे सांगितलं असतं तर निभावून गेलं असतं त्यासाठी. धाकट्यानं माफ केलं असेल. मी त्याच्या वाटचीही माफ करत नाही.

आता परवाचं. नंदुरबारच्या दवाखान्यात सून पलंगावर बसलेली. बाळाला मी मांडीवर घेतलं आणि दुपटं बदलायला सोडलं, तर मला सूज दिसली. एका बाजूला, लिंबाएवढी. लहान मुलांच्या डॉक्टरीण बाई सकाळीच तपासून गेल्या होत्या, साधं पाणी आहे, बहुतेक वर्षभरात जाईल, नाही गेलं तर बघू, असं म्हणून. सुनेला सगळं माहीत होतं, मलाच नव्हतं. आणि माझ्या तोंडून, आबा, विचार करायच्या आधी बाहेर पडलं, "कोणले सांगानं नही." आवाजसुद्धा तसाच, हळू. सुनेनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो आई, मी कधीच सगळ्यांना सांगून टाकलं. मामांना पण फोन केला. ते म्हणाले, घाबरू नको, मला तर याच्यापेक्षा मोठं होतं, बघ कसा धडधाकट आहे."

आणि हसली. बाळाला माझ्याकडून घेतलं आणि पाजायला लागली. मी दुपट्याची घडी घालत बसले. मला तिचा राग आला होता, आबा. तिचा आला, फोनवर ते बोलून टाकणाऱ्या धाकट्याचाही आला. बसस्टँडपर्यंत तो राग माझ्याबरोबर होता.

धाकटा उद्या येतोय बाळाला बघायला, माझ्या घरीच मुक्कामाला. हे कागद तो यायच्या आत गाद्यांच्या चळतीत खाली सरकवून ठेवते. त्याला यातलं काही सांगणार नाही.